हरकत, संमती आणि उत्तर : पेण–रोहा परिसरातील लोकसहभागाचा इतिहास

राज्यकारभारातील लोकसहभागाचा विचार सामान्यतः निवडणुका, कायदेमंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या अनुषंगाने केला जातो. तथापि सामान्य नागरिकाचा शासनाशी जो प्रत्यक्ष संबंध येतो, तो बहुधा एखाद्या कागदाच्या द्वारे येतो. चावडीवर लावलेली नोटीस, सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद, भूसंपादनाची अधिसूचना ही त्या संबंधाची नित्याची रूपे होत. या कागदांवर नागरिकाला काय बोलता येते, त्याचे बोलणे कोठे नोंदले जाते आणि त्याला उत्तर मिळते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून लोकसहभागाचा खरा इतिहास हाती लागतो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा परिसर या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. शासनाने शेतकऱ्याला त्याच्या जमिनीविषयी ‘तुझी हरकत आहे काय’ असे न विचारता ‘तुझी संमती आहे काय’ असे विचारल्याचा एक अपूर्व प्रसंग याच परिसरात घडला.

‘हरकत’ आणि ‘संमती’ या दोन शब्दांत केवळ अर्थाचा विरोध नाही. ‘हरकत’ हा अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ हालचाल किंवा चलन असा आहे. मराठीत येताना तो अडथळा, आक्षेप या अर्थी रूढ झाला. मराठी माणूस नित्याच्या व्यवहारात होकार देताना ‘हरकत नाही’ असे म्हणतो, म्हणजे होकाराचे रूप आक्षेपाच्या अभावाने सिद्ध करतो. घरगुती बोलण्यात ही लकब सौजन्याची असते. परंतु शासनाच्या भाषेत तिचा उपयोग झाला की तिचे स्वरूप पालटते. ठराविक मुदतीत कोणी आक्षेप घेतला नाही म्हणजे सर्वांची अनुमती आहे, असे गृहीत धरले जाते. मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार मग मौन पाळणाऱ्याकडे न राहता नोटीस काढणाऱ्याकडे जातो.

(१) महजराची परंपरा

मराठी राज्यव्यवस्थेत वतनाचे, हद्दीचे आणि हक्काचे तंटे गोतसभेपुढे चालत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावचे मिरासदार अशा सभेत बसत, साक्षी होत, आणि निर्णयाचा जो कागद तयार होई त्यास महजर म्हणत. महजराचे वैशिष्ट्य असे की तो सभेच्या समक्ष सिद्ध होई आणि उपस्थितांची नावे त्यावर नोंदली जात. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत. शेती करणाऱ्याची ‘निशाणी नांगर’ मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. निरक्षरता ही त्या व्यवस्थेत साक्षीला बाधक ठरत नसे.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गोतसभा ही समानांची सभा नव्हती. स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांचे त्या सभेतील स्थान, जातीच्या उतरंडीने जेवढे ठेवले तेवढेच होते. परंतु कागद आणि माणूस यांच्या संबंधाविषयी तीत एक तत्त्व होते : ज्यांच्याविषयी कागद होतो त्यांच्या समक्ष तो व्हावा, आणि त्यांचे म्हणणे त्याच कागदात उमटावे. पुढील काळात हे तत्त्व कोठे लोपले आणि कोठे पुन्हा प्रकट झाले, हे पाहणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

(२) आक्षेपाचा हक्क : १८९४ ते १९२३

ब्रिटिश अमदानीत कागद सरकारी कचेरीत तयार होऊ लागला आणि लोकांना त्याची सूचना मिळू लागली. या बदलाचे सर्वांत कठोर रूप म्हणजे १८९४ चा भूसंपादन अधिनियम. मूळ अधिनियमात जमीनधारकाला मोबदल्याच्या रकमेविषयी दाद मागता येत होती. पण जमीन घ्यावी की न घ्यावी याविषयी आक्षेप नोंदविण्याची तरतूदच त्यात नव्हती. ‘किती’ हा प्रश्न त्याला विचारता येई. ‘का’ हा प्रश्न विचारता येत नसे.

रोह्याजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस मुळशी येथे टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधले. त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात उतरवून पुढे कुंडलिकेत सोडले जाते. रोहा परिसरातील वस्तीला आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीला लाभलेल्या पाण्यामागे मुळशी खोऱ्यातील बुडालेल्या गावांची कथा आहे. त्या गावांतील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रहास आरंभ केला आणि पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्यामुळे ‘सेनापती’ ही उपाधी लाभली. मुळशीच्या शेतकऱ्यांना आपला नकार नोंदविण्यासाठी कायद्याच्या कागदावर जागा नव्हती. म्हणून तो त्यांनी धरणाच्या कामावर जाऊन बसून नोंदविला.

सत्याग्रह चालू असतानाच, १९२३ मध्ये, भूसंपादन अधिनियमात ‘कलम ५-अ’ घालण्यात आले. त्यान्वये हितसंबंधी व्यक्तीला अधिसूचनेनंतर ३० दिवसांच्या आत लेखी आक्षेप नोंदवून आपले म्हणणे मांडता येऊ लागले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळावयास हवा. तथापि एवढे निश्चित की २९ वर्षे या कायद्यात नसलेला ‘का’ हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच दाखल झाला. मात्र तो दाखल झाला तो आक्षेपाच्या रूपाने. संमती विचारण्याचा प्रश्न त्यानंतरही उत्पन्न झाला नाही.

आक्षेप नोंदविण्यासाठी मुळात कागदावर नाव असावे लागते. कुळांच्या बाबतीत तीच अडचण होती. पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालविला. खोतीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसाचा हक्क दप्तरात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. नोंदीत नाव नसणाऱ्याचा सहभाग हा प्रश्न मात्र त्याबरोबर संपला नाही.

(३) राजभाषा आणि चावडी

स्वातंत्र्योत्तर काळात शासनव्यवहार लोकांच्या भाषेत आणण्याचे प्रयत्न झाले. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. या प्रयत्नांतून मराठीला प्रशासनाची परिभाषा लाभली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु परिभाषा निर्माण करणे आणि वाक्यरचना बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ हे वाक्य शब्दांनी मराठी असले तरी त्यात कळविणारा कर्ता लुप्त आहे आणि ‘संबंधित’ कोण हे ठरविण्याचे काम वाचणाऱ्यावर टाकलेले आहे. कर्त्यावाचूनच्या वाक्याला उत्तर कोणी आणि कोणाला द्यावयाचे, ही अडचण केवळ व्याकरणाची नव्हे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये फेरफाराची जी पद्धत सांगितली आहे, तीत मात्र उत्तराची सोय काळजीपूर्वक केलेली आढळते. तलाठ्याने फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत ठळक ठिकाणी लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे, कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावी, हरकत घेणाऱ्याला तिची पोच द्यावी आणि सक्षम अधिकाऱ्याने तिचा निर्णय करावा, असा हा क्रम आहे. वाचन, नोंद आणि उत्तर या तिन्ही पायऱ्या येथे आहेत. एका खातेदाराच्या गुंठाभर जमिनीच्या नोंदीसाठी कायद्याने ही जी दक्षता घेतली, ती हजारो एकरांच्या निर्णयांत का दिसत नाही, असा प्रश्न अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

शासनाने उत्तर द्यावे यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, या विचाराशीही रोह्याचे नाव जोडलेले आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. त्यांचे वडील तेथे वकिली करीत. १९५९ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी उच्च दर्जाचे, निःपक्षपाती आणि स्थायी न्यायाधिकरण असावे अशी सूचना त्यांनी जाहीरपणे केली. तिने त्या वेळी मोठे वादळ उठविले, पण सूचना स्वीकारली गेली नाही. पुढे महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोक आयुक्तांविषयीचा अधिनियम करून असे पद निर्माण करण्यात पुढाकार घेतला.

माहितीच्या अधिकाराने या वाटचालीत नवे पर्व सुरू केले. स्वीडनने १७६६ मध्ये शासकीय कागद पाहण्याचा अधिकार कायद्याने मान्य केला होता. भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाची छाया दीर्घकाळ राहिली. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ चा. केंद्रीय अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमात शासनाने मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे म्हटले आहे. माहिती उघड होण्याचा अर्थ ती समजेल अशा भाषेत उघड होणे असा आहे, हे या तरतुदीने मान्य केले.

(४) पेणचे जनमत : २१ सप्टेंबर २००८

विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम २००५ मध्ये संमत झाल्यानंतर उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर रिलायन्स समूहाचे ‘महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र’ उभारण्याची योजना पुढे आली. त्यासाठी १८९४ च्याच अधिनियमाखाली संपादनाची कार्यवाही सुरू झाली. शेतकऱ्यांनी कलम ५-अ खाली मोठ्या संख्येने हरकती दाखल केल्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते, शेतकरी कामगार पक्ष, सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन आणि अनेक स्थानिक कार्यकर्ते या विरोधात उभे राहिले. पेण तालुक्यातील शेतकऱ्यांचा विशेष आक्षेप असा की हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील जमीन ओलितासाठी नियोजित आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धरणाचे पाणी शेताजवळ येत असताना ते शेतच काढून घेणे युक्त नाही.

या आंदोलनाच्या परिणामी राज्य शासनाने हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्याचे ठरविले. रविवार, २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली हे मतदान झाले. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शासनाने घेतलेले देशातील हे पहिलेच जनमत म्हणून त्याचा उल्लेख झाला. मतदान करणाऱ्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने प्रकल्पाला विरोध केल्याचे वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. जिल्हा प्रशासनाचा अहवाल शासनाकडे गेला. परंतु शासनाने निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही.

या घटनेचे मूल्यमापन करताना दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. भूसंपादन अधिनियमात अशा मतदानाची तरतूद नव्हती. त्यामुळे त्याचा निकाल कायद्याने बंधनकारक नव्हता. सर्वच पात्र खातेदार मतदानाला आले नव्हते, आणि जमीन देण्यास अनुकूल असलेले शेतकरीही परिसरात होते. यावरून जनमताला महत्त्व देऊ नये असा युक्तिवाद करता येतो. परंतु या युक्तिवादात एक विसंगती आहे. हरकतीच्या पद्धतीत जो बोलला नाही त्याची अनुमती गृहीत धरली जाते. संमती विचारल्यानंतर मात्र न बोललेल्याचे मौन अनुमती म्हणून मोजता येत नाही; तसेच बोललेल्यांचे उत्तर कमी लोक बोलले म्हणून गाळताही येत नाही. पेणमध्ये प्रश्नाचे स्वरूप बदलले, पण उत्तर हाताळण्याची जुनी सवय बदलली नाही.

पुढील घटनाक्रम असा की, घोषणेपासून २ वर्षांच्या आत निवाडा झाला नाही तर संपादनाची कार्यवाही रद्द होते, या १८९४ च्या अधिनियमातील तरतुदीची मुदत २००९ मध्ये उलटली. शेतकऱ्यांची जमीन राहिली. परंतु ती ज्या कारणाने राहिली त्याची दप्तरी नोंद ‘लोकांनी नकार दिला’ अशी होत नाही. ‘मुदत संपली’ अशी होते. इतिहासाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. मुदत संपल्याचा पूर्वाधार पुढच्या पिढीला उपयोगी पडत नाही. नकार मान्य झाल्याचा पूर्वाधार पडला असता.

(५) संमतीचा कायदा आणि त्याची मर्यादा

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या केंद्रीय भूसंपादन अधिनियमाने १८९४ चा कायदा निरसित केला. त्याच्या नावातच ‘पारदर्शकता’ हा शब्द आहे. खाजगी कंपनीसाठी संपादन असल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि शासन–खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती त्याने आवश्यक केली. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि जनसुनावणी यांचीही तरतूद केली. ‘हरकत’ हा शब्द १९२३ मध्ये कायद्यात आला, ‘संमती’ हा शब्द ९० वर्षांनी आला.

परंतु महाराष्ट्रात औद्योगिक प्रयोजनासाठी जमीन बहुधा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली घेतली जाते. त्याच्या ३२ व्या कलमान्वये जमीन का संपादन करू नये याचे कारण दाखविण्याची नोटीस धारकाला दिली जाते. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रासाठी माणगाव, रोहा आणि तळा या तालुक्यांतील गावांना याच स्वरूपाच्या नोटिसा मिळाल्या आणि तेथेही शेतकऱ्यांचा विरोध प्रकट झाला. २०१८ च्या राज्य सुधारणेने हा अधिनियम आणि आणखी काही राज्य कायदे यांखालील संपादनाला केंद्रीय अधिनियमाच्या प्रक्रियेतून वगळले. मोबदला आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी तेवढ्या लागू ठेवल्या. म्हणजे रोह्याच्या शेतकऱ्याला विचारला जाणारा प्रश्न संमतीचा नसून पुन्हा ‘कारणे दाखवा’ असाच आहे. सिद्ध करण्याचा भार जमीन मागणाऱ्यावर नाही, ती धारण करणाऱ्यावर आहे.

(६) पडद्यावरील चावडी

अलीकडच्या दोन दशकांत भूमिअभिलेखांचे संगणकीकरण झाले. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा घरबसल्या मिळू लागला. फेरफाराच्या नोटिसा ज्या संकेतस्थळावर पाहता येतात त्यास ‘आपली चावडी’ असे नाव देण्यात आले. २०१५ मध्ये ‘आपले सरकार’ ही सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा घालून दिली. सेवा नाकारल्यास अपिलाची सोय केली. तलाठ्याच्या भेटीसाठी खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी आहे. तिचे महत्त्व कमी लेखणे अन्यायाचे होईल.

तरीही ‘चावडी’ या जुन्या शब्दाची नव्या साधनाला केलेली योजना विचार करावयास लावणारी आहे. चावडी हे केवळ नोटीस लावण्याचे ठिकाण नव्हते. तेथे माणसे बसत, नोटीस वाचणारा न वाचू शकणाऱ्याला ती वाचून दाखवी आणि अर्थाची चर्चा होई. पडद्यावरच्या चावडीत प्रत्येक जण एकटा वाचतो. वाचनाची सोय वाढली, पण एकत्र वाचण्याची सोय गेली. माहिती दिसणे आणि माहितीला उत्तर देता येणे यांतील अंतर साधनाच्या वेगाने आपोआप कमी होत नाही.

याचा प्रत्यय २०२४ मध्ये आला. उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्याचा प्रस्ताव मार्च महिन्यात प्रसिद्ध झाला आणि ‘हरकती व सूचना’ मागविण्यात आल्या. हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी नियुक्तीची अधिसूचना निघाली. ज्या पेणने २००८ मध्ये संमतीच्या प्रश्नाला उत्तर दिले होते, त्याच पेणमधील गावांपुढे १६ वर्षांनी जुनाच प्रश्न आला. साधने अंकीय झाली. प्रश्नाचे व्याकरण १९२३ चेच राहिले.

भाषेच्या बाबतीत मात्र एक आशादायक घटना नोंदविण्याजोगी आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीचा वृत्तान्त स्थानिक भाषेत वाचून दाखविणे आवश्यक केले होते. २०२० मध्ये तिच्या जागी नवा मसुदा इंग्रजी व हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. ज्याला मजकूर समजला नाही त्याच्या मौनाला अनुमती म्हणता येणार नाही, हा याचा आशय होय.

(७) मौखिक साक्षीचे पुनरागमन

या परिसरातील कातकरी आणि ठाकर समाजांचा उल्लेख केल्याविना हे विवेचन अपुरे राहील. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही, त्यांना पेणच्या मतदानात स्थान नव्हते आणि अंकीय सातबाऱ्यातही ते नाही. नोंदीवर आधारलेली पारदर्शकता ही नोंद असलेल्यांपुरतीच पारदर्शक असते. वन हक्क अधिनियम, २००६ ने या बाबतीत वेगळा मार्ग स्वीकारला. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि त्याखालील नियमांनी पुराव्याच्या प्रकारांत दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखनिविष्ट केलेले निवेदनही ग्राह्य मानले. गावातील म्हातारा माणूस सभेपुढे सांगतो, ते लिहून घेतले जाते आणि तो पुरावा ठरतो. महजराचे तत्त्व दीर्घ काळानंतर, आणि या वेळी समाजाच्या तळाशी असलेल्यांसाठी, कायद्यात परत आले. त्याच्या अंमलबजावणीत दोष पुष्कळ असतील. तत्त्व म्हणून त्याचे मोल त्याने उणावत नाही.

समारोप

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. खुल्या राज्यकारभाराची कसोटी किती कागद दिसतात ही नसून, नागरिकाने दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले हे त्याला कळते की नाही, ही आहे. महजरात ते उत्तर कागदाचाच भाग होते. १८९४ च्या कायद्यात त्याला जागा नव्हती. १९२३ मध्ये त्याला हरकतीपुरती जागा मिळाली. २००८ मध्ये पेणच्या २२ गावांत ते संमती-नकाराच्या रूपाने विचारले गेले, दिले गेले, मोजले गेले; मात्र अधिकृतपणे सांगितले गेले नाही. शासनाचे प्रत्येक पाऊल आज अंकीय रूपात साठवले जाते. अशा काळात त्या मतदानाचा निकाल शासकीय दप्तरात एखाद्या अहवालाच्या पानावर राहावा, हे खुलेपणाच्या कल्पनेशी विसंगत आहे. तो निकाल आता प्रसिद्ध झाल्याने कोणतीही जमीन घेतली वा सोडली जाणार नाही. पण ज्यांनी तो दिला त्यांचा नकार दप्तरात नकार म्हणून उभा राहील, आणि पुढील नोटिशीला उत्तर देताना त्यांच्या मुलांना त्याचा आधार मिळेल.